फुलीपलीकडचा माणूस

कला शाखेच्या विद्यार्थ्याने माणसाच्या जठराविषयी लेख लिहावा, याचे आमच्या वर्गमित्रांना मोठे नवल वाटते आहे. "इतिहासाचा पेपर तोंडावर आला असताना हा जीवशास्त्राच्या वाटेला कशाला गेला?" असे एकाने मला तोंडावरच विचारले. त्याला उत्तर म्हणून हा लेखनप्रपंच. प्रस्तुत लेख जठराविषयी आहे तो नावापुरताच. खरे म्हणजे तो कागदांविषयी आहे. आणि कागद कोणी लिहिले, कोणी जपले आणि कोणी त्यांवर नुसती फुली मारली, हा प्रश्न आपल्या शाखेचाच आहे असे मला वाटते.

झाले असे, की 'ऐतिहासिक साधने: स्वरूप व मर्यादा' या घटकासाठी आमच्या सरांनी प्रत्येकाला कोणत्या तरी एका व्यक्तीच्या खाजगी कागदपत्रांविषयी टिपण लिहायला सांगितले. बाकीच्यांनी सरदारांची दप्तरे निवडली, संस्थानिकांचा पत्रव्यवहार निवडला. मी उशिरा जागा झालो. ग्रंथालयातील संगणकावर शोधाशोध करताना जेसी मायर यांनी लिहिलेले, १९१२ साली प्रसिद्ध झालेले एका अमेरिकन लष्करी शल्यवैद्याचे चरित्र हाती लागले. त्यात त्या वैद्याची पत्रे, रोजनिशीतील उतारे आणि एक करारनामा असे बरेच काही होते. आयते साहित्य मिळाले म्हणून मी ते उचलले, हे प्रांजळपणे कबूल करतो. पण वाचता वाचता एका पानावर असा अडकलो, की टिपण केव्हाच देऊन झाले तरी ते पान काही मनातून जात नाही.

त्या वैद्याचे नाव विल्यम बोमाँट. जन्म १७८५, कनेक्टिकट. त्या काळी वैद्यकीय महाविद्यालयात न जाताही डॉक्टर होता येई. बोमाँटही एका अनुभवी डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी करून शिकला आणि १८१२ साली परवाना मिळवून सैन्यात भरती झाला. अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात तेव्हा युद्ध सुरू होते. एप्रिल १८१३ मध्ये यॉर्क येथे, म्हणजे आजच्या टोरोंटोत, दारूगोळ्याच्या कोठाराचा भयंकर स्फोट झाला. बोमाँटने त्या दिवसांची नोंद ठेवली आहे. अन्नाचा कण नाही, डोळ्याला डोळा नाही, अशा स्थितीत अठ्ठेचाळीस तास तो जखमी सैनिकांचे हातपाय कापीत होता आणि फुटलेली डोकी नीट करीत होता. बधिरीकरणाचे औषध तेव्हा नव्हते. ही नोंद वाचताना मला त्या माणसाविषयी आदरच वाटला, आणि तो अजूनही कमी झालेला नाही. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

युद्धानंतर काही वर्षे खाजगी व्यवसाय करून बोमाँट पुन्हा लष्करात आला. १८२० साली त्याची नेमणूक मॅकिनॉ बेटावरील ठाण्यात झाली. मिशिगन आणि ह्यूरॉन या दोन प्रचंड सरोवरांच्या सांध्यावरचे हे बेट. केसाळ कातड्यांच्या व्यापाराचा तो मोठा अड्डा होता. हिवाळाभर रानात जनावरे मारून मिळवलेली कातडी घेऊन होड्या हाकणारे फ्रेंच-कॅनेडियन नावाडी उन्हाळ्यात तेथे जमत. अशाच नावाड्यांपैकी एक होता अलेक्सिस सेंट मार्टिन.

६ जून १८२२ रोजी अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात कोणाची तरी बंदूक चुकून उडाली. सेंट मार्टिन हातभर अंतरावर उभा होता. छऱ्यांचा सगळा भार त्याच्या डाव्या कुशीत घुसला. बरगड्या मोडल्या, फुप्फुसाचा भाग बाहेर आला, जठराला भोक पडले आणि सकाळी खाल्लेली न्याहारी त्या भोकातून बाहेर येऊ लागली. बोमाँट धावत आला. हा माणूस जगणार नाही असेच त्याला वाटले. पण सेंट मार्टिन जगला. जखम भरत आली, मात्र जठराच्या भोकाच्या कडा बाहेरच्या कातडीला चिकटल्या आणि ते भोक तसेच राहिले. पुढे आतून जठराची एक घडी झडपेसारखी त्यावर आली. बोटाने ती झडप आत लोटली की जिवंत माणसाचे जठर आतून दिसे.

आजवर फार थोड्या डॉक्टरांना जे दिसले होते ते बोमाँटला दिसू लागले. अन्न पोटात कसे पचते याविषयी त्या काळी नाना तर्क चालत. कोणी म्हणे ते दळले जाते, कोणी म्हणे कुजते, कोणी म्हणे उष्णतेने शिजते. येथे तर खिडकीच उघडली होती! १ ऑगस्ट १८२५ रोजी दुपारी बारा वाजता बोमाँटने रेशमी दोऱ्याला थोड्या थोड्या अंतरावर शिजवलेले गोमांस, खारवलेले मांस, शिळ्या पावाचा तुकडा, कच्ची कोबी असे जिन्नस बांधले आणि तो दोरा सेंट मार्टिनच्या जठरात सोडला. तासातासाने दोरा बाहेर ओढायचा, काय विरघळले ते पाहायचे आणि लिहायचे. पुढे नळीने जठररस काढून, तो कुपीत घालून, शरीराच्या उष्णतेइतकी ऊब देऊन त्यात मांस विरघळते का हेही त्याने पाहिले. ते विरघळले. पचन ही रासायनिक क्रिया आहे, तिला पोटाच्या बाहेरही घडवता येते, आणि त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, या गोष्टी त्यामुळे पक्क्या झाल्या. १८३३ साली प्लॅट्सबर्ग गावी छापलेल्या त्याच्या पुस्तकात २३८ प्रयोग दिले आहेत. हाताशी प्रयोगशाळा नाही, विद्यापीठ नाही, सरहद्दीवरच्या ठाण्यांतून बदल्या होत फिरणारा हा लष्करी डॉक्टर शरीरशास्त्राच्या इतिहासात अमर झाला तो या पुस्तकामुळे.

येथवर ही कथा शास्त्र शाखेची. आता आपल्या शाखेची सुरू होते.

बोमाँटला कागद जपण्याची फार चांगली सवय होती. उमेदवारीतील टिपणे, युद्धातील रोजनिशी, प्रयोगांच्या नोंदी, आलेली पत्रे, इतकेच काय पण पाठवलेल्या पत्रांच्या नकलाही त्याने ठेवल्या. १८५३ साली सेंट लुईस शहरी तो मरण पावला. त्याच्या वंशजांनी हे कागद सांभाळले आणि आज त्यांचा मोठा संग्रह त्याच शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयात सुरक्षित आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी वारलेल्या या माणसाला कोणत्या साली पैशाची चणचण होती आणि कोणत्या पत्राचे उत्तर न आल्याने तो चिडला होता, हे आपल्याला आज सांगता येते.

आणि सेंट मार्टिनचे कागद? ते नाहीत. त्याला लिहिता येत नव्हते. त्याच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले बहुतेक सारे बोमाँटच्या दप्तरातून आलेले आहे.

त्या दप्तरातील ज्या पानावर मी अडकलो ते पान म्हणजे १९ ऑक्टोबर १८३२ चा करारनामा. वकिली भाषेतला तो मसुदा आहे. एक वर्षपर्यंत सेंट मार्टिनने बोमाँटच्या सेवेत राहावे, तो नेईल तेथे जावे, आपल्या जठरावर तो करील ते प्रयोग करू द्यावेत आणि ते जठर इतरांना दाखवू द्यावे. त्याबद्दल बोमाँटने त्याला अन्न, वस्त्र, निवारा आणि वर्षाचे १५० डॉलर द्यावेत. खाली एका बाजूला बोमाँटची सही आहे. दुसऱ्या बाजूला सेंट मार्टिनचे नाव लेखनिकाने लिहिले आहे, आणि त्यापाशी त्याची स्वतःची निशाणी म्हणून एक फुली आहे.

ती फुली पाहिली आणि मला आमच्या आजीचा अंगठा आठवला.

मी अकरावीत असताना आजीच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. शहरातल्या एका दवाखान्यात तिला घेऊन मी गेलो होतो, कारण घरात इंग्रजी वाचता येणारा मीच. सिस्टरांनी एक छापील कागद पुढे केला आणि "आजींचा अंगठा घ्या" म्हणून सांगितले. मी आजीचा हात धरला, अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला. आजीने विचारले, "काय लिव्हलंय रं त्यात?" मी म्हणालो, "काही नाही गं आजी, नेहमीचंच असतं." आणि अंगठा उमटवला. कागद मी वाचलाच नव्हता. सुदैवाने शस्त्रक्रिया चांगली झाली, आजीला दिसू लागले आणि तो कागद मी विसरून गेलो. दवाखान्याला मी दोष देत नाही. कागद वाचणारा तेथे होता. तो मी होतो. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या फुलीने मला विचारले, की बाबा रे, तिकडे प्लॅट्सबर्गला सेंट मार्टिनला कोणी वाचून दाखवले असेल का? आणि त्याने विचारले असेल तर त्यालाही कोणी "नेहमीचंच असतं" असे सांगितले असेल का?

वर्गात मी टिपण वाचले तेव्हा बरीच खडाजंगी झाली. एक मित्र तावातावाने म्हणाला, "हे सरळ सरळ शोषण आहे. गरीब माणसाच्या शरीराचा याने बाजार मांडला." दुसरा म्हणाला, "बोमाँट नसता तर तो त्याच दिवशी मेला असता. आणि प्रयोग झाले नसते तर जगाचे केवढे नुकसान!" दोघेही बराच वेळ भांडले. शेवटी सर म्हणाले, "तुम्ही दोघेही न्यायाधीश होऊन बसलात. आधी साक्षीदार कोण आहे ते तरी पाहा."

सरांचे ते वाक्य मला फार मोलाचे वाटते. बोमाँट वाईट माणूस नव्हता हे दाखवणारा पुरावा पुष्कळ आहे. अपघातानंतर स्थानिक अधिकाऱ्यांनी सेंट मार्टिनच्या खर्चाचा भार पुढे सोसायचे नाकारले आणि त्याला दूर कॅनडात त्याच्या गावी पाठवून द्यायचे ठरवले, तेव्हा बोमाँटने त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले आणि त्याची शुश्रूषा केली. भोक बुजवण्यासाठी त्याने आठ-दहा महिने खटपट केली. शस्त्रक्रियेवाचून ते बुजणार नव्हते आणि शस्त्रक्रियेला रोगी तयार नव्हता, असेही तो लिहितो. प्रयोगांवर त्याने पदरचा पैसा घातला आणि त्याच्या भरपाईसाठी अमेरिकन काँग्रेसकडे केलेला त्याचा अर्ज फेटाळला गेला. हे सारे खरे असेल. मात्र ही साक्ष कोणाची? बोमाँटची. सेंट मार्टिन शस्त्रक्रियेला का तयार नव्हता, हे त्याच्या तोंडून आपण कधी ऐकलेलेच नाही.

काही प्राध्यापक म्हणतील, की आजच्या मापाने कालचा माणूस मोजू नये. मला हे मान्य आहे. १८३२ साली रोग्याची संमती घ्यावी असा नियम नव्हता. उलट, बोमाँटने करार केला, मोबदला ठरवला, हे त्या काळाच्या मानाने पुढचेच पाऊल होते असे म्हणता येईल. परंतु माझा मुद्दा बोमाँटला शिक्षा करण्याचा नाहीच. आपण आज हे कागद वाचताना काय करतो, हा माझा मुद्दा आहे. वाचणारे आपण आजचे आहोत. आपल्याला आजचेच माप लागू आहे.

मग अशा एकतर्फी दप्तरातून फुलीपलीकडच्या माणसाला शोधायचे कसे? मला असे आढळले, की तो अगदीच अदृश्य नाही. शोधले तर तीन ठिकाणी तो दिसतो.

पहिले ठिकाण म्हणजे खुद्द प्रयोगांच्या नोंदी. त्या रेशमी दोऱ्याच्या पहिल्याच प्रयोगात काही तासांनी सेंट मार्टिनला पोटात अस्वस्थ वाटू लागले, म्हणून दोरा काढून घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशीही त्याचे पोट बरे नव्हते, डोके दुखत होते, जीभ पांढरी पडली होती. डॉक्टरने भोकातून आत पाहिले तर जठराच्या अस्तरावर पांढरे ठिपके उठलेले दिसले. औषधही त्याने त्या भोकातूनच आत टाकले. पुढे बोमाँटने असेही नोंदले, की एरवी जठरात क्वचितच दिसणारे पित्त, माणूस रागाने बेभान झाला की तेथे दिसते. शास्त्राच्या दृष्टीने हे मोलाचे निरीक्षण आहे. पण क्षणभर थांबून विचार करा. सेंट मार्टिन रागावला, आणि त्याच्या रागाचा पुरावा म्हणून त्याच्या जठरातले पित्त लिहून ठेवले गेले. त्याला काय म्हणायचे होते ते मात्र आपल्यापर्यंत आले नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे त्याचे निघून जाणे. १८२५ सालीच, पहिल्या प्रयोगांनंतर थोड्याच काळात, तो डॉक्टरला न विचारता सरहद्द ओलांडून कॅनडात गेला. तेथे त्याने लग्न केले, संसार मांडला. चार वर्षांनी बोमाँटने त्याला शोधून काढले आणि बायकोमुलांसह मिसिसिपी नदीकाठच्या ठाण्यावर आणले. १८३१ मध्ये, या वेळी डॉक्टरच्या संमतीने, ते कुटुंब परत आपल्या मुलुखी गेले. १८३२ मध्ये तो पुन्हा आला, करार झाला. त्याचा पगार निघावा म्हणून त्याला सैन्यात हवालदाराचा हुद्दा देऊन महिना १२ डॉलरवर नेमले गेले. १८३४ मध्ये तो घरी म्हणून गेला तो परत आलाच नाही. बोमाँटच्या पत्रांत याचे वर्णन हट्टीपणा आणि कृतघ्नपणा असे येते. मी मात्र ही तारखांची यादी पुन्हा पुन्हा वाचली आणि मला वाटले, ज्याला लिहिता येत नव्हते त्याने पायांनी लिहून ठेवलेले हे आत्मचरित्रच आहे.

तिसरे ठिकाण म्हणजे पत्रे. सेंट मार्टिनच्या नावाने बोमाँटला गेलेली काही पत्रे आहेत. ती त्याने दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. बोमाँट शेवटपर्यंत त्याला बोलावीत राहिला. आमिषे दाखवली, मध्यस्थ घातले, एकदा तर स्वतःच्या मुलालाच त्याला आणायला पाठवले. सेंट मार्टिनने कधी उघडपणे ठणकावून नकार दिला नाही. बायको यायला तयार नाही, पोरांचे काय करू, पैसे जास्त लागतील, असे तो कळवीत राहिला. आपल्याकडे गरीब माणूस मोठ्या माणसाला नाही म्हणतो तो असाच ना? "बघतो साहेब, घरी विचारून सांगतो," असे म्हणून तो जो जातो तो परत येत नाही. ज्याला ही भाषा कळते त्याला तो नकार स्वच्छ ऐकू येतो. बोमाँटला तो वीस वर्षे ऐकू आला नाही.

शेवटचा नकार मात्र फार स्पष्ट होता. सेंट मार्टिन बोमाँटच्या मागे सत्तावीस वर्षे जगला. मधल्या काळात, १८५६ साली, दुसऱ्या एका डॉक्टरने त्याला गावोगावी नेऊन त्याच्या जठराचे प्रदर्शन मांडले. २४ जून १८८० रोजी क्वेबेक प्रांतातील सेंट थॉमस गावी तो वारला. मॉन्ट्रियलचे तेव्हाचे तरुण आणि पुढे जगप्रसिद्ध झालेले डॉक्टर विल्यम ऑस्लर यांना ते जठर संग्रहालयासाठी हवे होते. घरच्यांनी काय करावे? भर उन्हाळ्यात त्यांनी प्रेत मुद्दाम अधिक दिवस घरात ठेवले, ते डॉक्टरांच्या उपयोगाचे राहू नये म्हणून. आणि मग आठ फूट खोल खड्डा करून पुरले. शवविच्छेदनासाठी येऊ नका, आलात तर जिवाला मुकाल, अशा अर्थाची तारही ऑस्लरना मिळाली. तरुणपणी सोसलेले, बापाच्या कुशीत उघडे राहिलेले ते भोक मुलांनी आठ फूट मातीने बुजवले. ज्या चरित्रात मी हे सारे वाचले त्याची प्रस्तावना याच ऑस्लरसाहेबांनी लिहिलेली आहे, हे विशेष. १९६२ साली कॅनडातील शरीरशास्त्रज्ञांनी त्याच्या थडग्याजवळ एक स्मृतिफलक बसवला. सन्मान झाला. पण फलकावरचे शब्दही पुन्हा डॉक्टरांचेच.

मित्रहो, आता कोणी म्हणेल, ही सातासमुद्रापलीकडची गोष्ट; तिचे आपल्याला काय? म्हणून एक घरची गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण सर्वांनी गावात घरोघर जाऊन सर्वेक्षणाचे तक्ते भरले. कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसे किती, जमीन किती, जनावरे किती, पाणी कोठून आणता, शौचालय आहे की नाही. रकाने भरले, खाली सही किंवा अंगठा घेतला, चहा प्यालो आणि पुढच्या घरी गेलो. एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारले होते, "पोरा, हे लिहून काय व्हनार?" मला उत्तर आले नाही. मी हसलो आणि पुढे निघालो. ते बाबांचे वाक्य तक्त्यात नाही, कारण तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. उद्या कोणी ते तक्ते वाचील तर त्याला त्या घरात दोन बैल होते हे कळेल, पण त्या घरात असा प्रश्न विचारणारा माणूस होता हे कळणार नाही. बोमाँटच्या नोंदवहीत आणि आपल्या तक्त्यात मला तरी फारसा फरक दिसत नाही. आणि आपण तर कलाशाखेचे. माणसाचा अभ्यास करतो असे म्हणवून घेणारे!

म्हणून प्राध्यापकवर्गाला आणि योजनेच्या प्रतिनिधींना माझ्या दोन विनंत्या आहेत. यंदाच्या शिबिरात प्रत्येक तक्त्याच्या शेवटी एक रकाना ठेवावा: 'यांनी आम्हाला काय विचारले?' त्यात त्या माणसाचे शब्द, त्याच्या बोलीत, जसेच्या तसे लिहावेत. दुसरे, सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी लिहिलेले सर्व त्याला वाचून दाखवावे, आणि तो नको म्हणाला तर ते पान कोरे सोडावे. याला खर्च लागत नाही. वेळ लागेल. वीस घरांऐवजी दहाच घरे होतील. होऊ देत. ज्या दहा घरांत माणसे भेटली ती दहा घरे, नुसते अंगठे भेटलेल्या वीस घरांपेक्षा मला मोठी वाटतात.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक तिसरी गोष्ट, आणि ती विनंती नाही, माझ्यापुरता नियम आहे. यापुढे कोणाचेही दप्तर वाचायला घेतले, मग ते सरदाराचे असो, कलेक्टरचे असो की एखाद्या थोर समाजसुधारकाचे असो, त्यात फुली आणि अंगठा कोठे आहे ते मी आधी पाहणार. लिहिणाऱ्याविषयीचा आदर त्यामुळे कमी होण्याचे कारण नाही. बोमाँटने कागद जपले नसते तर सेंट मार्टिनचा नकारही आपल्याला ऐकू आला नसता, हे उपकार मी विसरत नाही.

जाता जाता आजीचे राहिले. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा ट्रंकेतली दवाखान्याची जुनी फाइल काढली. त्या कागदाची झेरॉक्स त्यात होती. आजीला ओसरीवर बसवून एकेक ओळ मराठीत सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजी डोळा गेला असता तरी त्यांची जबाबदारी न्हाई, असं व्हतं व्हय त्यात?"

मी म्हणालो, "होय आजी."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग तवाच का न्हाई सांगितलंस? आरं, मी अंगठा दिलाच असता. पर कळून दिला असता."

(तृतीय वर्ष कला, इतिहास)